निळा टॉवेल

बेसाला राहायला आलो तेव्हा घेतलेले
चार टॉवेल, गर्द निळे, इतवारीतून.
दुकानदार म्हणाला, रंग जाणार नाही, लिहून देतो.
दिलं नाही लिहून.

मार्चमध्ये पहिला डाग.
नारिंगी, कडेला फिकट, चिंचोक्याएवढा.
मी म्हटलं, बोअरचं पाणी.
आमच्या बोअरला लोह इतकं
की पांढऱ्या मगाचा तळ महिन्यात तांबूस.
नळाला गाळणी बसवली, तुरटी फिरवली.
डाग वाढले.

मग वाटलं, ऊन.
मेच्या गच्चीवर कशाचा रंग टिकतो?
पण ऊन सगळीकडून सारखं खातं,
अशी बोटं उमटवत नाही.

मग कौतिकाबाई.
साध्याच आवाजात विचारलं मी,
संडास धुताना ॲसिड लागतं का हो कधी हाताला?
त्यांनी पदराला हात पुसले.
"मी काऊन लावू बाई? धुऊनच तं येतो."
तरी मी टॉवेल स्वतः धुवायला लागले
आणि त्यांनी माझ्याकडचा चहा सोडला.

एका दुपारी उशीचा अभ्रा काढताना
तोच नारिंगी, गाल टेकतो तिथे.
केतकीची उशी. सतरा वर्षं,
आरशापुढे दार लावून अर्धा अर्धा तास.
ब्रशच्या पेल्यामागे सापडली
शेपटीपासून घट्ट गुंडाळलेली ट्यूब,
मुरमांचं मलम.
औषधवाला हसलाही नाही, रोजचंच असावं:
"पेरॉक्साइड आहे मॅडम, रंग उडवतं.
लावल्यावर हात धुवायचे, नीट वाळू द्यायचं,
टॉवेल नि अभ्रा पांढरा ठेवायचा."

एवढंच होतं.

घरी येऊन निळा टॉवेल दिव्याखाली धरला.
चौदापर्यंत डाग मोजले, मग सोडून दिलं.
परीक्षेच्या दिवसांतले जास्त असतील,
की त्या लग्नाच्या आठवड्यातले,
जिथे तिने एकाही फोटोत मान वर केली नाही?

दोन पांढरे टॉवेल आणून अडकवले.
रात्री आतून आवाज आला, "हा माझा?"
"तुझाच."
आणखी काही बोलावं असं वाटत होतं.
नळ बराच वेळ चालू राहिला.

कौतिकाबाईंना सांगितलं सकाळी,
मलम होतं, तुमचं काही नव्हतं.
त्या "हं" म्हणाल्या नि भांडी घासत राहिल्या.
चौथ्या दिवशी ओट्याशी थांबल्या जराशा:
"अर्धाच कप द्या. साखर कमी."

निळा टॉवेल आता कूलरखाली असतो,
ठिबकतं ते पितो.