गोडाऊन नंबर तीन

मी जिनिंगच्या काट्यावर.
गाडी चढते, आकडा येते. गाडी उतरते, आकडा जाते.
आवाजाचं मले काय मालूम?

हेमराज कुळसंगे पान्याचे कॅन वाटे,
सकायी सहा ते अकरा, भुसारीच्या छोट्या हत्तीवर,
आन दर फाटकाशी कॅन उतरवता उतरवता
ओठातल्या ओठात काई तरी मोजे.
मले वाटे, कॅनच मोजून रायला.

पयलं गानं त्यानं मायच्या गोधड्यायत रेकॉर्ड केलं,
पलंगाखाली घुसून. गान्यात शेजारची बकरी आली.
दुसरं रिकाम्या टाकीत. तिथी एक शब्द म्हनला
का सात होऊन आंगावर येत.
मंग दिवायी झाली, कापूस आला,
आन गोडाऊन नंबर तीनची चाबी माह्याकडे होती.

कापूस ऐकते.
काईच परत करत नाई.
त्या पांढऱ्या ढिगात उभं रायलं
का आपलाच सास दुसऱ्याचा वाटते.
रातपायीची सुट्टी, बारा ते एक, मशीन बंद,
आठशे रुपयाचा माईक, त्यावर शायेतला जुना मोजा,
हमाल चहाचे गिलास हातात धरून चूप.
त्या राती त्यानं नाव घेतलं: सरकी.

«रुई गेली मिलमंधी, मिरवते लोकायच्या आंगावर,
मी उरलो सरकी, ढेर माहा जाग्यावर.
पेरलं तं उगवीन, पिरगाळलं तं तेल,
मले फेकनाऱ्या, तूच होशीन फेल.»

(शेवटची ओळ कच्ची हाय. थो बी मानते.)

म्हनून त्याचे अल्बम हिवायातच निंगते.
मार्चात शेवटची गठान गेली का गोडाऊन पुन्हा टिनाचं,
आन टीन मोठं बडबडं.
गानं चढवाले दारव्हा फाट्यावर जा लागे,
बाभयीखाली, रेंजच्या दोन दांड्या, पुरी रात.
पयल्या साली ऐकनारे दोनशे बारा,
त्यातले चायीस आमीच.
पाच सालात कमाई चौदाशे अठ्ठावीस.
काट्यावरचा मानूस आकडा इसरत नाई.

एकदा नागपूरले बोलावलं. हॉलमंधी निया लाईट.
आयोजक म्हने, दम हाय तुह्यात,
फक्त हे गावचं बोलनं काढ, हिंदीत घे, मंग पाहू.
सरकी म्हने, काढतो.
आन स्टेजवर जाऊन, बीट न लावता,
आमच्या गावच्या कॅनची यादी म्हनली:
ठोंबरे दोन, गावंडे एक, मसराम बाई उधार,
शाया चार, दवाखाना बंद,
ठोंबरे दोन...
लोकं हासले. मंग थांबले.
मंग पायानं मोजाले लागले.
बक्षीस भेटलं नाई. येताना एसटीत थो घोरला, मी जागा.

मंग एका बियान्याच्या कंपनीनं जाहिरात मांगतली.
त्यानं लिवली. शब्द पसंत पडले, आवाज नाई.
पैसे घेतले. कायले नाई घेनार?
आता भोंग्याची गाडी समोर, त्याच्या ओळी दुसऱ्याच्या गयात,
मांगून हेमराज, कॅनवाला.
मी इचारलं, कसं वाटते?
म्हने, बीट थोडा पयतो.

यंदा मालकानं तीन नंबर सोयाबीनले देल्लं.
पोत्यात आवाज मुरत नाई, खडखडते.
थो दोन राती तिथी नुसता बसून आला.
म्हने, हे खडखडनंच घेऊ.

काल काट्यावर पुसदकडची गाडी आली.
क्लीनर पोट्टा, बारा-तेराचा, फाळक्यावर बसून
टायराच्या पान्यानं ठोकत होता:
ठोंबरे दोन, गावंडे एक, मसराम बाई उधार.
म्हनलं, कोनाचं हाय बे?
म्हने, कोनाचं नाई. आमच्याकडे म्हनतेत असंच.

वजनाच्या येयी मानूस खाली उतरवाचा नियम हाय.
मी उतर म्हनलं नाई.
पोट्टा धरून आकडा आला,
तोच पावतीवर लिवला.