मंगळवारी, दोन पोती

ओतियाला पहाटे तीनला भट्टीवर जायचं असतं,
म्हणून गोष्ट साडेआठला.
दात घासून, मोजे काढून.
लिले मोजे काढत नाही,
पण तो वाद सध्या नको.

पुस्तक झेस्टापोनीच्या वाचनालयाचं,
कोपरे कुणीतरी कुरतडलेले.
एका अस्वलाला नदीपार जायचं असतं
आणि नावाड्याला घरी जायचं असतं.
एवढंच. चोवीस पानं.
अस्वलाचा आवाज ओतिया पोटातून काढतो,
नावाड्याचा नाकातून,
आणि नदीचा आवाज तर लिहिलेलाच नाही,
तो दोघं मिळून काढतात, ओठ फुरफुरवत,
उशी ओली होईपर्यंत.

मी इकडे उद्याचा राजमा निवडत असते.
आमच्या भिंती पातळ. सगळं ऐकू येतं.
अकराव्या पानापर्यंत छापल्याबरहुकूम.
बाराव्यावर त्याचा आवाज
सैल भिजलेल्या कणकेसारखा होतो,
एक शब्द दुसऱ्याला सोडेना.
आणि एका रात्री अस्वल काठावर उभं राहून
नावाड्याला म्हणालं,
"मला पलीकडे ने रे बाबा,
मी तुला देईन... मी तुला देईन...
पीठ. दोन पोती. मंगळवारी.
आणि यीस्ट मागच्यासारखं शिळं नको."

पलीकडे चिडीचूप.
माझ्या चिमटीतला दाणा चिमटीतच.
मग लिले अशी काही खिदळली
की वरच्या मजल्यावरून
टाच आपटल्याचा आवाज आला.
ओतिया दचकून जागा.
"कुठे होतो आपण?"
"पिठावर!"

दुसऱ्या रात्री तो शहाण्यासारखा वाचायला गेला.
मी तुला मध देईन, म्हणालं अस्वल.
"नीट वाच ना, मामा."
आमच्याकडे बापाला मामा म्हणतात,
आणि नीट म्हणजे काय
ते चार वर्षांची माणसं ठरवतात.
तेव्हापासून अस्वल रोज पीठच देतं.
नावाडी रोज विचारतो, "चाळलेलं का?"
हे कधी आणि कुणी घातलं, मला माहीत नाही,
मी त्या दिवशी रात्रपाळीला होते.

सणाच्या आठवड्यात भट्टी थंड होत नाही.
ओतिया तिकडेच पोत्यांवर पाठ टेकायचा,
आणि पुस्तक माझ्याकडे आलं.
मी चष्मा लावला. स्वल्पविरामाला थांबले.
बाराव्या पानावर म्हटलं, "मध,"
तर एक तळहात माझ्या तोंडावर,
पेस्टचा वास येणारा.
गावात नव्या आलेल्याला
रस्ता सांगावा, तशी ती मला म्हणाली,
"देदा, इथे मध नाहीये. बघ."
आणि बोट ठेवलं अक्षरांखाली,
तिला एकही येत नाही त्यातलं,
"पीठ. दोन. पोती. मं-गळ-वा-री."
शब्द संपला तरी बोट चालतच राहिलं,
ओळीबाहेर, समासाबाहेर,
कागद संपला, मग पांघरुणावरून
माझ्या गुडघ्यापर्यंत,
जिथे शिळं यीस्ट संपतं.

मी तसंच वाचलं. दोनदा.
माझं अस्वल सर्दी झाल्यासारखं बोलतं.
"चालेल," म्हणाली.
नदीला मात्र मी कमी पडले नाही.

पुस्तक परत करायला नऊ दिवस उशीर.
त्सियालाबाईंनी ते उघडून झटकलं,
शिवणीतून पांढरी भुकटी टेबलावर.
त्यांनी ती बोटाने पुसली, हुंगली,
माझ्याकडे बघितलं. दंडाची वही शोधू लागल्या.
"आवडलं का?"
"आवडलं," टाचा उंच करून लिले म्हणाली,
"पण बाराव्यावर पिठाचं लिहायचं राहिलंय."

बाईंनी बारावं पान काढलं.
ओठ हलवत वाचलं सगळं.
मी खिडकीबाहेर बघत राहिले, तिथे काहीच नव्हतं,
एक कुत्रं, कारखान्याची भिंत.
"खरंच की," त्या म्हणाल्या,
"ते दुसऱ्या प्रतीत असणार. ती बाहेर गेलीये."
शिक्का उचलला,
आणि आणखी तीन आठवडे मारले.