तीन किलो दादर

दुकान आग्रा रोडला, वरच्या मजल्यावर,
आणि आमची जुनी अल्टो खाली उन्हात.
पिशवी छातीशी धरून जिना चढलो तेव्हा
मोहिनी नावाच्या विक्रेत्या मुलीने विचारलं, बाळ कुठंय?
म्हटलं, यायचंय. वैशाखात.
तोवर ही. तीन किलो दादर,
गिरणीत टाकायला निघालेली.
सोनोग्राफीच्या बाईंनी सांगितलेल्या अंदाजाला
मूठभर इकडे तिकडे.

मी अँब्युलन्स चालवतो, धुळे ते पळासनेर.
घरातून निघताना आई म्हणाली,
"मन्ही मांडी शे ना, इतला पैसा कसाले?
तुले बी मी मांडीवरच लई उनू साक्रीथाईन."
मी काही बोललो नाही.
मांडी काय धरू शकते, काय नाही,
हे मी ज्या रात्री पाहिलं
त्या रात्री तिने माझं ताट झाकून ठेवलं होतं,
आणि सकाळी ते तसंच पाहून तिला वाटलं,
पोरगा ढाब्यावर शेवभाजी खाऊन आला.

पहिली सीट जांभळी, देखणी.
गाडीचा पट्टा तिला वळसा घालता घालता
चार बोटं कमी पडला.
दुसरीला मागे दोन लोखंडी दात,
ते ज्यात अडकवायचे ती कडी आमच्या गाडीला नाहीच.
चार वेळा जिना उतरलो, चार वेळा चढलो,
दादर माझ्याबरोबर.
तिसरी बसली. राखाडी.
गुडघा रोवून पट्टा आवळला, धरून हलवली,
ती जागची हलली नाही.
कुणालाच आवडली नव्हती ती.

आता बाबागाडी.
कल्पिताने महिनाभर फोनवर बघून ठरवलेली
पिवळ्या छताची, तीन चाकांची,
ती निघाली दुसऱ्या कंपनीची.
"मॅडम, ही सीट हिच्यावर नाही बसत.
अडॅप्टर लागेल. सुरतहून मागवावा लागेल.
पंधरा दिवस. आला तर."
कल्पिता हसली, म्हणाली,
आपल्याला तरी कुठे लगेच मिळाला होता?
दोन वर्षं दोन्ही घरांनी आमचे फोन उचलले नव्हते.
मी आईकडे पाहिलं.
ती पंख्याखाली बसून
एका दुपट्याचा भाव तिसऱ्यांदा विचारत होती.

मग राखाडी सीटच्याच घरची, जाड चाकांची,
उचलायला जड अशी बाबागाडी काढली.
फरशीवर काय, सगळ्याच लोण्यासारख्या चालतात.
मी ती खाली नेली, गटारीच्या जाळीवरून,
उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून, रसवंतीच्या चोथ्यावरून.
लोक थांबून बघत होते:
मोठा मिशाळ माणूस
धान्याची पिशवी फिरवतोय.

टक्.
सीट बाबागाडीवर बसल्याचा आवाज.
पुन्हा काढली, पुन्हा बसवली. टक्.
बिल तेवीस हजार चारशे.
आई दुकानातल्या आरशाकडे तोंड करून उभी राहिली.

गाडीत सीट मागच्या बाकावर, उलटी.
बाळाचं तोंड मागे.
म्हणजे पहिल्या प्रवासात त्याला दिसणार
ते सगळं येऊन गेलेलं:
दवाखान्याचं फाटक, पांझरेचा पूल,
खरबुजांची हातगाडी लहान लहान होत जाणारी.
पुढचा रस्ता बघणं माझ्याकडे.

निघायच्या आधी आईने दार उघडलं.
आधी बक्कलवर हात ठेवला, चटका बसला,
पदर ओला करून त्यावर दाबून धरला.
मग पट्ट्याखाली दोन बोटं घातली.
मोहिनीने एकदाच दाखवलं होतं, कल्पिताला.
आई तेव्हा दुपट्यात गुंतली होती, असं मला वाटलेलं.
"ढिल्ला शे," ती म्हणाली.
मी आवळला.
ती पुढे बसली नाही. मागेच बसली, सीटला खेटून,
मांडीवर हात रिकामे.

देवपूरच्या गिरणीवाल्याने काच खाली करायला लावली,
आत वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.
"जिजी, दयन शे का नात?"

"दयन," आई म्हणाली.
"पन हयू काढजो."