मायेतेक

रास अल खैमा. समुद्राकडेच्या हॉटेलात
तळघरात, बॉयलरच्या शेजारी आमची खोली:
हरवलं-सापडलं.
शेल्फावर तारखेच्या चिठ्ठ्या लावलेलं लोकांचं विसरणं.
६१४ मधलं घड्याळ, अजून चालू.
एका कानाचा मोती.
तेहतीस मण्यांची एक जपमाळ.
एक कवळी, जी मागायला कुणी येत नाही, लाजतात.

सुपरवायझरच्या परीक्षेला इंग्रजीचा सातवा धडा आहे,
मालमत्ता आणि श्रीमंती.
झ्देन्काही बसणार आहे, रिसेप्शनवरची, चेक देशाची.
माझ्या नावातला ज्ज्व तिला उचलत नाही,
तिच्या नावातला झ्दे मला.
ती मला उजू म्हणते, मी तिला झेनू.
फिट्टंफाट.

कागदाला तिनं उभ्या रेघा मारल्या.
पहिल्या घरात इंग्रजी, दुसऱ्यात तिचं, तिसरं माझं.
वेल्थ. बोहात्स्त्वी.
मी लिहिलं दौलत, खोडून संपत्ती,
तेही खोडून: गडहिंग्लजच्या पेट्रोलपंपवाल्याकडे असते ती.
डेट. द्लुह.
इथं मला विचार करावा लागला नाही,
एजंटाचे अजून पासष्ट हजार आहेत.
बिलाँगिंग्जला ती म्हणाली व्येत्सी, वस्तू.
मी म्हटलं, छे गं, किडूकमिडूक.
हे तिला इतकं आवडलं की रात्रपाळीभर पुटपुटत बसली,
चेक-इनला आलेल्या एका माणसाला वाटलं
आपल्याला रशियनमधून शिवी दिली.

हॅवपाशी गाडी अडली.
तिच्याकडे एकच शब्द, माम.
घर माम, भाऊ माम, ताप माम.
मी सांगत बसले, आमच्यात असं सरसकट नसतं.
मुलगी मला असते, घर माझं असतं,
पैसे माझ्याकडे, किल्ली माझ्याजवळ.
आणि जवळ नसेल तर?
तिचं पेन थांबलेलं.
पलीकडे लॉन्ड्रीचं मशीन पाणी सोडत होतं.
मी म्हटलं, पुढचा शब्द घे.

पुढचा शब्द प्रॉपर्टी. तिचा, मायेतेक.
पुन्हा म्हण.
मायेतेक.
अगं, ह्यात तर आमची माया बसलीय!
माया म्हणजे?
म्हणजे लळा.
म्हणजे पैसाही. माझ्या चुलत दिरानं
बांधकाम खात्यात राहून बक्कळ माया केली.
म्हणजे भर दुपारी विमानतळाच्या रस्त्यावर दिसतं
आणि टॅक्सी पुढे गेली की नसतं, ते पाणी.
म्हणजे, थांब,
मी युनिफॉर्मची बाही उलटी केली,
शिवणीच्या आत दुमडलेलं बोटभर कापड दाखवलं.
ही पण माया.
शिवणारा आत सोडतो, अंग भरलं की उसवून घ्यायला.

पहिल्या तिन्हींना तिनं काही ना काही शब्द शोधला.
चौथ्यापुढे बाहीचं चित्र काढलं.

निघायच्या आधी मी चिमीला तीन फ्रॉक शिवले होते,
दोन्ही कुशींना तीन-तीन बोटं माया ठेवून.
सासूबाई म्हणाल्या, एवढी कशाला गं,
पोर पोत्यात घातल्यासारखी दिसेल.
काल व्हिडिओवर उभी राहिली, निळ्यातल्या निळ्या फ्रॉकात.
बगलेपासून खाली सुयांच्या जुन्या भोकांची रांग,
तिच्या पलीकडे एक गडद पट्टी,
ऊन न लागलेली, साबण न लागलेला,
दुकानातून आणला त्या दिवसाचा निळा.
बाबांनी उसवला, म्हणाली.
आता आत काही नाही, शेवटचा होता.
गोल फिरून दाखवलं तिनं. नेट अडकलं,
अर्धी वळलेली राहिली.

झेनू म्हणते प्रॉपर्टीपुढे परीक्षेत एकच अर्थ लिही,
मार्क कापतात.

६१४ च्या घड्याळाला उद्या नव्वद दिवस होतात.
मालक आला नाही तर ज्याला सापडलं त्याचं, असा इथला नियम.
सापडलं मला होतं, उशीच्या अभ्र्यात.
पट्टा मोठा आहे, भोक पाडावं लागेल.
दीड तास पुढे लावलं
की घरचं होईल.