सालीसकट

पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत आली ती,
दोन हजार मैल, कुणाच्या तरी ट्रकमधून.
'पांढरी वाइन,' लाम्झिरा म्हणाली.
मी बाटली ग्दान्स्कच्या खिडकीशी धरली:
कोऱ्या चहाचा रंग, तळाशी थोडा गढूळ.
पहिला घोट तुरट. जर्दाळू वाळवताना
त्याच्यावर ऊन विसरून राहिलं असावं, तसा.

'साल काढलं की पांढरी होते,' ती म्हणाली,
'आम्ही काढत नाही.'

त्यांच्याकडे रांजण गळ्यापर्यंत पुरलेला असतो.
बूड निमुळतं, पोटात उभा माणूस मावतो,
तोंड मात्र एवढंच, की खांदे तिरके केल्याशिवाय
आत जाता येत नाही.
रस, साली, बिया, लाल देठ, सगळं त्यात.
वरून काही घालायचं नाही.
त्या चोथ्याला ते आई म्हणतात.
सहा महिने रस आईजवळ.

आणि बापाला म्हणतात मामा.
मी पहिल्या दिवशी नातं चुकीचं लावलं होतं.

तोडणीच्या आधी रांजण आतून घासावा लागतो.
तिचा भाऊ उचा उतरायचा, तो इकडे आला.
त्याच्या आधी बाप. आता त्याचं पोट
रांजणाच्या पोटाशी बरोबरी करतं.
उरली लाम्झिरा.

आधी दोरीला बांधून मेणबत्ती सोडतात.
तळाला जाऊन विझली नाही
म्हणजे माणसापुरता श्वास आहे.
मग ती. चेरीच्या सालीची कुंचली, राख, बादली,
आणि पणज्यापासूनचा एकच नियम:
आत असेपर्यंत बोलत राहायचं, काहीही.
आवाज थांबला की वरच्याने दोर ओढायचा.

वर तेडो. कानाने अधू.
जेवताना 'मीठ दे' तीनदा सांगावं लागतं.

म्हणून ती आत निर्धास्त.
आधी पाढे म्हटले. मग शेजारणीची कोंबडी,
ती चोरटी की शेजारीण चोरटी, याची चर्चा.
मग मेणाच्या वासात, भिंत घासत,
आवाज जराही न बदलता:
मामा, मी पण जाणार.
एवढी द्राक्षं पुरती आत गेली की जाणार.
मासे साफ करायचं काम आहे, उचाने खोली बघितलीय.
तुला सांगायचं कसं ते कळत नाही,
म्हणून या मडक्याला सांगते.
आणि परत पाढे. तेरा एके तेरा.

वर आली तेव्हा भुवयांना राख.
तेडोने बादली घेतली, काही बोलला नाही.

पाय लाल-पिवळे झाले, रस आत गेला,
दिवसातून चारदा वर आलेल्या साली दांड्याने खाली ढकलल्या.
उकळी शमली. झाकणाचा दगड बसला.
दोघं गुडघ्यांवर, कडेला ओली माती लिंपत होती,
तेव्हा मान वर न करता तो म्हणाला:
'तिकडे मासे कुठले असतात?'

रांजणाचं तोंड आवाज गोळा करतं,
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
तिच्या हातातली माती वाळायला लागली.
कुठले मासे, हेही तिला तेव्हा माहीत नव्हतं.

ती थांबली. बाटलीत तळाचा गाळ उरला होता,
तो तिने माझ्या पेल्यात ओतला, पाहुण्याचा मान म्हणून.
आमच्या दोघींच्या हातांना दिवसभराचा वास.

नऊ वाजता फोन लागला.
फोनवर त्याला ऐकू येत नाही, हे मला ठाऊक होतं.
पण तिकडून आधी खडखड आली, मग दोर घासल्याचा आवाज,
मग एकदम पोकळ, मोठी शांतता.
रिकाम्या रांजणात तो फोन सोडत होता,
मेणबत्ती सोडतात तसा.
'अर्ध्यापर्यंतच रेंज असते,' लाम्झिरा मला म्हणाली,
आणि थांबली, तो कडेला कान लावून बसेपर्यंत.

'हेरिंग, मामा,' ती म्हणाली.
'हेरिंग असतात.'
आणि बोलत राहिली.