गच्चीवरचं ऊन

पराते किराण्यासमोर चुन्याची रिंगणं आखली होती.
सातव्या रिंगणात मी,
तोंडाला दुपट्टा, हातात दोन पिशव्या
आणि हेमराजची जुनी ऑफिसची बॅग.
मागून कुणीतरी म्हणालं,
"मीठ संपून रायलं म्हंते."
बस, तेवढंच.
रिंगणं पायांखाली पुसली गेली.

मी आले होते पावशेर ओवा
आणि चहापत्ती घ्यायला.
तोंडातून निघालं, मिठाचे बारा पुडे.
बारा!
आम्हा तिघांना एक पुडा दीड महिना पुरतो.
काट्यावरच्या चेतरामनं वर पाहिलं,
"काऊन ताई, लोणच्याचा कारखाना काढता का?"
मी हसले नाही.
दुपट्ट्याच्या आत हसलेलं तसंही दिसत नाही.
मग रवा सहा किलो, तूरडाळ दहा,
आणि काबुली चणे पाच,
आमच्याकडं कुणी खात नाही ते,
पण मागच्या माणसाची नजर त्या पोत्यावर होती.

जिना चढताना निनाव्यांच्या दारापाशी
बॅग अंगाआड घेतली.
सगळं दिवाणात गेलं, ओजूच्या दुलयांखाली.
हेमराजनं लाइटबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला,
चौदा जूनपर्यंत पुरेल, म्हणाला,
आणि त्या आकड्याखाली दोनदा रेघ ओढली.
रात्री अजनी यार्डाचा आवाज नसायचा.
इतकी वर्षं त्या आवाजानं झोप मोडते म्हणायचो,
आता तो नाही म्हणून जागे.
मी दिवाणावर कूस बदलायची,
खाली डाळ सरकायची जराशी,
तेवढ्यानं बरं वाटायचं.

एप्रिलात निनाव्यांच्या सुनेला
आमदार निवासात नेलं, चौदा दिवस.
आली ती वरणाला शिव्या देतच.
आम्ही खिडकीतून विचारलं, बरी आहेस ना?
दारातून नाही विचारलं.

मग मे लागला.
दुलई काढली तर रव्यात जाळी,
डाळीत सोंडे,
चण्यांना एकेक नीट गोल भोक,
कुणी सुई तापवून पाडल्यासारखं.
शेचाळीस डिग्री ऊन. करणार काय?
जुनी नऊवारी गच्चीवर अंथरली
आणि सगळं ओतलं.

मान वर केली तेव्हा कळलं.
पलीकडं बोकडेबाई,
माझ्याकडून वाटीभर डाळ उसनी नेणाऱ्या,
दोन चादरी भरून डाळ पसरत होत्या.
त्यांच्यामागं धकाते सर,
बाल्कनीतून रोज "गरजेपुरतंच घ्या" सांगणारे,
मूग, मटकी, मसूर, पोहे,
आणि एक अख्खी खाट शेंगदाण्यांची.
जिथवर नजर जाईल तिथवर गच्च्या,
गच्च्यांवर पातळं, पातळांवर धान्य,
अख्ख्या वस्तीचा दिवाण उघडा पडलेला.
कुणी कुणाकडं बघेना.
शेवटी बोकडेबाईच ओरडल्या,
"तुमच्यातही सोंडेच का वो?"

दुपारी रूपचंद आला, कूलरच्या ताट्या भरायला.
दोन महिने त्याला कुणी फाटकाच्या आत घेतलं नव्हतं.
चण्यांपाशी थांबला.
"इतके?" एवढंच म्हणाला,
उकिडवा बसून किडके बाजूला काढू लागला,
न सांगता, भराभर,
जणू तेही ताटीच्याच कामात धरलेलं.
जाताना मी त्याला चणे दिले.
चांगले नाही. भोकांचे, चाळलेले.
लपवून काय करू, तेच दिले.
दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं डबा पाठवला,
लालभडक रस्सा, वर बोटभर तर्री,
चण्यांवर एक भोक शोधून दिसेना.
ओजूनं तीनदा वाढून घेतलं.
मला ठसका लागला, तिखटाचाच असेल.

मिठाला कीड लागत नाही.
अकरा पुडे संपले हळूहळू, वर्षं गेली.
बारावा दगड झालाय.
गच्चीचं दार वाऱ्यानं आपटतं,
म्हणून त्याला लावून ठेवलाय.