गंधकाची गल्ली

अकराच्या सुमाराला ते वळणावर दिसतात.
गळ्यात कॅमेरे, एकाच्या टाचेला चिकटपट्टी,
पुढे लमारा, मिटलेली पिवळी छत्री उंच धरून.
मी भट्टीच्या तोंडाशी वाकलेला असतो,
मला आधी त्यांचे पायच दिसतात.

तिब्लिसीच्या या उतारावर
दगड झिजून साबणाच्या वड्या झालेत.
महागड्या बुटांतले लोक घसरतात,
आमची पोरं फाटक्या चपलांनी धावतात.

हमामांच्या विटांच्या घुमटांपाशी ती थांबते.
"घ्या श्वास. कुजक्या अंड्याचा? तेच गंधक."
सगळे नाकं मुरडतात, हसतात.
मग राजाच्या ससाण्याची गोष्ट,
ऊन झऱ्यात पडून शिजलेल्या पाखराची.
खरी का, असं कुणी विचारलंच तर
"पाणी अजून गरम आहे," एवढंच.

तिला वास येत नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात गेला, तो गेलाच.
मला कळलं बेसोच्या चुकीने.
पोरगं मोबाइलमध्ये, भट्टीत सहा पावांचा कोळसा,
धुराने माझे डोळे चुरचुरतायत
आणि लमारा दारात उभी राहून सांगतेय,
"हा ताज्या पावाचा वास,
आमच्या गल्लीतला सगळ्यात जुना भाडेकरू."
पाहुणे सभ्य. एक बाई खोकली.
लमाराने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मी पीठ मळायला घेतलं,
मळून झालेलं.

तेव्हापासून बघतोय.
ती नाक मुरडते, पण सगळ्यांनंतर, अर्धा क्षण उशिरा.
चेहरे वाचते.
कुणी डोळे मिटले की वरच्या गच्चीत कोथिंबीर चिरतायत,
कुणाच्या तोंडाला पाणी सुटलं की आलुबुखाराची चटणी,
कुणी पाऊल मागे घेतलं
की नानुलीच्या जिन्याखालची मांजरं.
चुकते क्वचित. छापील कागदावर चालणारे जास्त चुकतात.

परवा एका म्हाताऱ्या कोरियन गृहस्थाने विचारलं,
हिवाळ्यात इथे कसला वास येतो?
ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली,
ओल्या लोकरीचा.
द्राक्षवेलीच्या काटक्या जळतात त्यांचा, जरा गोडसर.
शेगडीवर वाळत टाकलेल्या संत्र्याच्या सालींचा,
आणि आई कोट झटकायची तेव्हा
खिशातल्या जुन्या तिकिटांचा.

जून होता. गल्लीत यातलं काहीच नव्हतं.
तरी सगळ्यांनी श्वास ओढून घेतला,
मीसुद्धा, भट्टीच्या आड,
आणि संत्र्याची साल मला स्पष्ट आली.

हल्ली घाणा मी अकरा दहाला काढतो.
पहिला पाव तिला.
ती तो नाकाकडे नेत नाही.
कानाशी धरते, फोनसारखा.
आत कवच बारीक तडतडत असतं.
"भाजलाय," म्हणते,
आणि नाणं पिठात खोचून
छत्री उचलते.